टॉर्चच्या रिपोर्टातलं ‘पॉझिटिव्ह’

एकदोनदा दिवस राहून गर्भ टिकला नाही, की कुणीतरी ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी सुचवतं. रिपोर्टात ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसलं, की घरात एकच गोंधळ! आमच्या ओळखीच्या एका घरी तर सासूबाईंनी त्याच दिवशी मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडलं. बिचारं मांजर!

मैत्रिणींनो, टॉक्सोप्लाझ्मा हा डोळ्यांना न दिसणारा परोपजीवी जंतू. ही तपासणी जंतू शोधतच नाही बरं का. तो शरीरात शिरला की रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती ती मोजते. म्हणजे चोर नव्हे, चोराच्या पाउलखुणा. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस शोधणारे डॉ. आल्बर्ट सेबिन यांनीच हॅरी फेल्डमन यांच्याबरोबर १९४८ साली अशी एक तपासणी काढली. जिवंत जंतूंत रोग्याच्या रक्तातलं सीरम मिसळून निळा रंग घालायचा. प्रतिद्रव्यं असली तर जंतू रंग घेत नाहीत. आता जिवंत जंतू बाळगावे लागत नाहीत, यंत्रच आकडा देतं.

पण आकडा वाचायचा कसा? आयजीजी जन्मभर राहतं. तेवढंच पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग बहुधा जुना, आणि दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी होऊन गेलेल्या संसर्गाचा बाळाला सहसा त्रास नसतो. वारंवारच्या गर्भपाताचं खापर त्यावर फोडू नये, सुनेवर तर नकोच नको.

आयजीएम नव्या संसर्गाचा संशय दाखवतं, पण तेही कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक रेंगाळतं, आणि कधी चुकीचंही येतं. तेव्हा एका कागदावर गर्भ पाडायचा निर्णय मुळीच घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्या, आणि ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. पहिल्या तीन महिन्यांत ती ‘हाय’ आली, तर संसर्ग दिवस राहण्याआधीचा. ‘लो’ आली तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. संसर्ग खरोखरच नवा निघाला, तर औषधं आहेत.

गंमत म्हणजे, जपायचं ते दोन्ही निगेटिव्ह आलेल्या गरोदर बाईनं. मटण पुरतं शिजवलेलंच खावं, कोशिंबिरीच्या भाज्या दोन-तीन पाण्यांनी धुवाव्यात, कुंड्यांतल्या मातीत हात घालताना हातमोजे घालावेत. मांजराची घाण दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज काढावी. तिच्यातला जंतू बाधायला निदान एक दिवस तरी लागतो. आणि मांजराला कच्चं मांस देऊ नये. एवढं केलं, की ते घरात राहिलं तरी चालतं.