कॅलिफोर्नियातील करमर्यादा आणि सरकारी शाळा

अमेरिकेतील सरकारी शाळांचा मोठा भार परंपरेने स्थानिक मालमत्ता करावर, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीवर, राहिला आहे. ज्या गावची घरे महाग, त्या गावची शाळा समृद्ध, असा हा हिशेब. साहजिकच घरपट्टीला मर्यादा घातली की तिचा परिणाम थेट वर्गखोलीपर्यंत पोहोचतो. या बाबतीत कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव विचार करावयास लावणारा आहे.

६ जून १९७८ रोजी तेथील मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव संमत केला. हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन हे त्याचे प्रवर्तक. मालमत्तेचे मूल्यांकन १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेण्यात आले, मूळ कर त्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि मूल्यांकनातील वार्षिक वाढ दोन टक्क्यांपलीकडे जाणार नाही असे ठरले. मालमत्ता विकली गेली किंवा नवे बांधकाम झाले तरच नवे मूल्यांकन व्हावयाचे. या बंडामागील दुःख खोटे नव्हते. घरांच्या किमती भराभर चढत होत्या आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना स्वतःचेच घर करापायी सोडावे लागेल अशी धास्ती वाटत होती. दुसरीकडे राज्याच्या तिजोरीत मोठी शिल्लक पडून होती. अशा मतदारांना स्वार्थी ठरविण्याची घाई आपण करू नये.

परंतु एका वर्षात मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले.

आधीची व्यवस्थाही न्याय्य होती असे मात्र नव्हे. ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली जी आकडेवारी विचारात घेतली, ती बोलकी आहे. १९६८-६९ मध्ये बेव्हर्ली हिल्स या धनिक वस्तीत दर विद्यार्थ्यामागे १२३२ डॉलर खर्च होत, तर बाल्डविन पार्कमध्ये अवघे ५७७. आणि कराचा दर? बाल्डविन पार्कच्या रहिवाशांचा दुपटीहून अधिक! गरिबांनी जास्त दराने कर भरावा आणि त्यांच्या मुलांना कमी मिळावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. राज्याने समानीकरण आरंभिले आणि काही वर्षांतच करमर्यादा आली. समता बरीच साधली. पण ती वरच्यांना खाली ओढून.

शाळांची सूत्रे आता गावाकडून राज्याच्या राजधानीकडे गेली. राज्याचे उत्पन्न प्रामुख्याने प्राप्तिकरावर आणि त्यातही श्रीमंतांच्या मिळकतीवर अवलंबून असल्याने शेअरबाजार कोसळला की शाळांना फटका बसू लागला. १९८८ च्या ‘प्रपोझिशन ९८’ने शाळांना किमान निधीची हमी दिली खरी, तरीही २००८ च्या मंदीनंतर हजारो शिक्षकांना कपातीच्या नोटिसा गेल्या. एकेकाळी राष्ट्रीय सरासरीच्या पुढे असलेले हे राज्य दर विद्यार्थी खर्चात दीर्घकाळ मागे पडले. अलीकडे खर्च वाढला आहे. वर्ग मात्र अजूनही देशातील सर्वाधिक गर्दीच्या वर्गांत मोडतात. सधन वस्त्यांतील पालक देणग्या गोळा करून संगीतशिक्षक, ग्रंथपाल नेमतात. न्यायालयाने घालविलेली विषमता अशी मागल्या दाराने परत येते.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले: जे काम लहान समूह करू शकतो, ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये. करमर्यादेने नेमके हेच घडविले. योगायोग असा की १९७८ साली राज्यपाल असलेले जेरी ब्राऊन हे तरुणपणी येशूसंघाचे नवशिष्य होते. पुन्हा राज्यपाल झाल्यावर २०१३ साली त्यांनी याच तत्त्वाचा उल्लेख करून शाळांच्या निधीचे नवे सूत्र आणले. गरीब, इंग्रजी शिकणारी आणि पालकगृहांत वाढणारी मुले यांच्यासाठी अधिक निधी आणि तो वापरण्याचे स्वातंत्र्य स्थानिकांना. नंतरच्या अभ्यासांत गरीब वस्त्यांतील मुलांची प्रगती दिसून आली. केवळ पैशाने शिक्षण सुधारत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मूळ करमर्यादा मात्र जागच्या जागी आहे. तिच्यामुळे एकाच रस्त्यावरील दोन सारख्या घरांना कित्येक पट वेगळा कर पडतो. जुना मालक सुखी, तर तरुण कुटुंब वाकलेले. सिलिकॉन व्हॅलीत अलीकडे घर घेतलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तफावत घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. घटनेत बसणारे सारेच न्याय्य असते काय?

शिवाय वृद्धांच्या नावाने मिळविलेले हे संरक्षण कारखाने आणि कार्यालयांच्या इमारतींनाही लाभते. कंपन्या म्हाताऱ्या होऊन निवृत्तिवेतनावर जगत नाहीत! २०२० साली ‘प्रपोझिशन १५’द्वारे घरांना हात न लावता मोठ्या व्यापारी मालमत्तांवर बाजारभावाने कर आकारण्याचा प्रस्ताव आला. त्यातून वर्षाला ६५० ते ११५० कोटी डॉलर मिळतील आणि त्यांतील सुमारे ४० टक्के शाळा-महाविद्यालयांकडे जातील, असा अंदाज होता. ५२ विरुद्ध ४८ टक्के मतांनी मतदारांनी तो फेटाळला.