आधी श्वास, मग सील

सोयाबीनची मळणी आटोपली की आमच्या टेबलावर एकाच तक्रारीच्या पत्रांचा गठ्ठा पडतो. हुलसूर, भालकी, बसवकल्याण, औराद आणि सीमेपलीकडचं निलंगा. गाव कुठलंही असो, मजकूर तोच. मागचं क्रँक सील दोनदा बदललं, तेल थांबत नाही, सध्या सीलचा मालच खराब येतोय का, मासिकानं आवाज उठवावा. आवाज उठवायला आम्ही कधी मागं राहिलेलो नाही. पण मंडळी, या प्रश्नावर आवाज कंपनीविरुद्ध नाही, आपल्याविरुद्धच उठवावा लागणार आहे.

गेल्या महिन्यात हुलसूरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. ट्रॅक्टर मधून फोडून ठेवलेला, इंजिन एका जॅकवर, गिअरबॉक्स दुसऱ्यावर. एकाच हंगामात तिसऱ्यांदा. मालक म्हातारे गृहस्थ, बॅटरीच्या रिकाम्या पेटीवर बसलेले. म्हणाले, "कायबी करा मिस्त्री, तेल फेकायलंय म्हंजे फेकायलंच." मिस्त्री कामसू होता, हात चांगला होता, पाने जागच्या जागी होते. काढलेली दोन्ही जुनी सीलं मी मागून घेतली. ओठ मऊ, कुठं चीर नाही, स्प्रिंग जागेवर. म्हणजे पहिलं सील काढायचीच गरज नव्हती. मग ब्रीदरचा रबरी पाइप काढला. खालच्या तोंडाला कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं आणि वर भुसा, धूळ आणि तेलवाफेची काळी वडी जमलेली. तार घातली तर टोक दुसरीकडून निघेना. उन्हाळाभर झाडाखाली उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरला माशीनं बूच मारलं होतं. रिंगांमधून उतरणाऱ्या गॅसला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तो सगळ्यात सैल वाटेनं, सीलच्या ओठाखालून, तेल घेऊन निघत होता. दोन दिवसांची मजुरी, भिजलेली क्लच प्लेट, ऐन पेरणीतला खोळंबा आणि मग मळणीतला खोळंबा, हे सगळं तारेच्या एका तुकड्यानं वाचलं असतं.

म्हणून मागच्या सीलसाठी ट्रॅक्टर फोडण्याआधी ब्रीदर तपासलाच पाहिजे. ज्याला हे माहीत नाही त्यानं शिकावं. पण बहुतेकांना माहीत आहे आणि तरी करत नाहीत, राग त्याचा आहे. ब्रीदर साफ करण्याचे पैसे मागता येत नाहीत, सील बदलण्याचे मागता येतात. हे वाक्य एका वाचकानं पत्रात सरळ लिहिलं आहे. त्याच्या प्रामाणिकपणाचा मान ठेवून सांगतो, तपासणीचे पैसे मागा. रोख मागा, बिलावर लिहून मागा. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो. तुम्ही श्वास पाहण्याचे घ्या. शेतकरी देईल, कारण त्याचा ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी शेतात जाईल.

विहिरीवरच्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांची गोष्ट याहून सरळ आहे. सहा हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम, राजकोटहून आलेली ती दणकट इंजिनं आपल्या भागात अजून आहेत. त्यांच्या क्रँककेसच्या झाकणावर एक पातळ पत्र्याची झडप असते. पिस्टन खाली आला की ती उघडते, वर गेला की मिटते, आणि क्रँककेसमध्ये सतत हलकी ओढ राहते. त्या ओढीवरच इंजिन कोरडं राहतं. झडप चिकटली, वाकली किंवा कुणीतरी हरवून त्या जागी फडकं कोंबलं, की ओढीचा दाब होतो आणि तेल मेन बेअरिंगमधून शाफ्टवर येतं. पंपघराच्या भिंतीवर फ्लायव्हीलच्या रेषेत तेलाचा काळा पट्टा उठलेला तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. तो दिसला की पाना उचलू नका. झडपेपाशी हात न्या. ती प्रत्येक ठोक्याला टिचक्या देत असली पाहिजे. देत नसेल तर दुखणं तिथं आहे.

ट्रॅक्टरवर झडपेच्या टिचक्या ऐकू येत नाहीत, तिथं मोजावं लागतं. त्यासाठी महागडं यंत्र नको. गवंडी लेव्हल धरायला वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, दोन-तीन हात. इंग्रजी यू आकारात फळीवर बांधा, अर्धी पाण्यानं भरा. एक टोक डीपस्टिकच्या भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. इंजिन गरम करून कामाच्या आरपीएमवर आणा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजपट्टीनं मोजा. मग ब्रीदरचा पाइप पूर्ण काढून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी फरक कमी झाला तर ब्रीदर तुंबलेला. झाला नाही, मोठाच राहिला, तर गॅसच जास्त उतरतो आहे. रिंगा, लायनर बघायचे आहेत आणि सील बदलून काहीही साधणार नाही. एक सिलिंडर असेल तर पाणी नाचतं. नळी मधे थोडी चिमटीत धरा, स्थिरावतं. वळसा हातभर खोल ठेवा, नाहीतर ओढ असलेलं इंजिन पाणी पिऊन टाकेल. किती फरक म्हणजे वाईट, हे मॉडेलगणिक वेगळं. त्याच मॉडेलचं एक निरोगी इंजिन मोजून ठेवा, तीच तुमची फूटपट्टी.

श्वास ठीक निघाला तरच गळतीच्या मागं लागायचं. तेही डिझेलनं धुऊन, वाळवून, खडूची पूड मारून. न धुता गळती शोधणाऱ्या मिस्त्रीचं मला नवल वाटतं. पंख्याचा वारा तेल मागं ढकलतो, वजन खाली ओढतं. टॅपेट कव्हरची किंवा तेलदाबाच्या स्विचची गळती चेंबरच्या पॅकिंगवर दिसते आणि बिचाऱ्या चेंबरचे बोल्ट आवळले जातात. आवळून आवळून पत्र्याची कड भोकाभोवती वाकते, कॉर्क फाटतो आणि नसलेली गळती सुरू होते. कड ऐरणीवर सपाट करा, मग पॅकिंग लावा. सिलिकॉन पेस्ट काडीच्या जाडीएवढीच. आत सुटलेला तिचा गोळा तेलाच्या जाळीत जाऊन बसला की बेअरिंग गेलीच म्हणून समजा. बेल हाऊसिंगच्या भोकातून थेंब येत असेल तर आधी बोटावर घेऊन वास घ्या. गंधकाचा उग्र वास आला तर ते गिअरचं तेल, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील बघा. क्रँक सीलवर तोहमत ठेवू नका. आणि सील बसवताना रबराचा ओठ तेलानं ओला, पण टेफ्लॉनचा ओठ कोरडा. ही एक चूक किती ठिकाणी होते! क्रँकवर जुन्या ओठानं घासून खाच पाडली असेल तर नवं सील दोन-तीन मिलिमीटर पुढं-मागं सरकवा किंवा स्लीव्ह चढवा. त्याच खाचेत नवं सील बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुन्हा यायला सांगणं.

आता तेलाकडे येतो, कारण दुसरी चूक तिथली. गळती थांबेना की मिस्त्री म्हणतो, जाड तेल टाका. ४० च्या जागी ५०, आणि त्यानंही भागलं नाही तर सरळ गिअरचं ९० नंबर. पत्रांमध्ये चौघांनी ही युक्ती मोठ्या विश्वासानं सांगितली आहे. मंडळी, इंजिन तेलाचा ४० आणि गिअर तेलाचा ९० या एका मापपट्टीवरच्या संख्या नाहीत. १०० अंशांवर ४० नंबरचं तेल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या दरम्यान बसतं. बाजारातलं नेहमीचं ८०डब्ल्यू-९० गिअर तेलही साधारण त्याच्याच आसपास येतं. म्हणजे जाडी मिळाली जवळपास तेवढीच. वर काय आलं? दातांसाठी घातलेलं गंधक-फॉस्फरसचं औषध. ते गरम इंजिनात तांब्या-पितळेच्या बुशांना खातं. आणि काय गेलं? काजळी उचलून धरणारं साबणी औषध गेलं. इंजिन आतून डांबरासारखं होतं, तेच डांबर ब्रीदरमध्ये चढतं आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो.

खरोखर जाड ५० नंबरही औषध नाही. आपल्या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी असते. त्या पहाटे जाड तेल टर्बोच्या बुशापर्यंत आणि रॉकरपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज होते ती सुरू होतानाच्या त्या क्षणांत. १५डब्ल्यू-४० थंडीत पातळ राहून उन्हाळ्याच्या दुपारी ४० चं काम करतं. फिल्टर असलेल्या बहुतेक ट्रॅक्टर इंजिनांना तेवढं पुरे. डब्यावर जाडीच्या शेजारी दर्जा वाचा. सीएफ-४ ही एपीआयनं कधीच मोडीत काढलेली श्रेणी आपल्या दुकानांत अजून मानानं विकली जाते. सीआय-४ सन २००२ ची, सीके-४ सन २०१६ ची. इंजिनच्या पुस्तकात जी लिहिली ती किंवा तिच्या नंतरची घ्यायची. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरचे ट्रॅक्टर नव्या उत्सर्जन नियमांचे आहेत. एक्झॉस्टमध्ये गाळणी असलेल्या इंजिनात पुस्तक सोडून तेल टाकलं तर गाळणी राखेनं बसते, तिचं बिल मिस्त्रीच्या डोक्यावर येतं. लिस्टर पद्धतीच्या बिनफिल्टरच्या इंजिनाला पुस्तकातलं साधं ३० किंवा ४०. साबणी तेल टाकायचंच तर आधी चेंबर खरवडून धुवा, नाहीतर वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून बेअरिंगमध्ये फिरेल.

तेल कोणतं याइतकंच ते किती भरायचं आणि गळून कुठं जातं, हेही बघावं लागतं. दोन वर्षांपूर्वी हर्णैच्या बंदरावर एका तांडेलानं मला बोटीच्या पोटात उतरवलं होतं. तिथलं इंजिन कलतं बसवलेलं असतं, म्हणून डीपस्टिकवरची खूण त्या कलानुसार पुन्हा पाडून घ्यावी लागते. नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टर उभा करून तेल "कमी" म्हणून लिटरभर जास्त ओतणाऱ्यांनी याचा विचार करावा. जास्त भरलेलं तेलही बाहेरच येतं. बोटीत चेंबरच्या बोल्टापर्यंत हात जात नाही, म्हणून डीपस्टिकच्या नळीतून हातपंपानं तेल ओढतात. आणि गळालेलं तेल बोटीच्या तळच्या पाण्यात साचतं, पंप लावला की समुद्रावर तवंग होऊन सगळ्या बंदराला दिसतं. मोठ्या जहाजांना तर १५ पीपीएमच्या वर तेल असलेलं पाणी समुद्रात सोडायची आंतरराष्ट्रीय बंदी आहे. आपल्याकडे काळी माती तेल गिळते आणि तवंग दिसत नाही. विहिरीच्या काठावरच्या इंजिनाचं गळकं तेल कुठं उतरतं, ते पाणी पिणाऱ्यानंच विचारावं.

इथवर दोष आपला सांगितला. आता सरकारचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, १५ हॉर्सपॉवरपर्यंतच्या डिझेल इंजिनांचाही आला, ट्रॅक्टरची क्लच असेंब्ली, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर १८ वरून ५ वर आले. चांगलंच झालं, स्वागत आहे. पण इंजिन तेल १८ टक्क्यांवरच राहिलं. म्हणजे तेल वेळेवर न बदलल्यामुळे बरबाद होणारं इंजिन ५ टक्क्यांत आणि ते इंजिन वाचवणारं तेल १८ टक्क्यांत! क्लच शेतकरी आयुष्यात दोन-तीनदा घेतो, तेल दर हंगामात घेतो. ज्यांनी ही यादी केली त्यांनी ट्रॅक्टर विकत घेण्याचा विचार केला, तो चालवण्याचा केला नाही. या फरकाचा फायदा कुणाला होतो हे बाजारात उभं राहिलं की कळतं. हायवेवर पिंपातलं सुटं तेल बिनबिलाचं मिळतं, रंग लालसर, वास नव्याचा, आणि डब्याच्या भावापेक्षा इतकं स्वस्त की शेतकऱ्याचा हात तिकडेच जातो. उकळून, गाळून, रंगवून आलेलं ते आपलंच काळं तेल असतं.

त्या काळ्या तेलासाठी १ एप्रिल २०२४ पासून नवी व्यवस्था आहे. तेल बनवणाऱ्यांवरच वापरलेलं तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी, नोंदणीकृत संकलक, नोंदणीकृत कारखाने, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पोर्टल. कागदावर उत्तम. पण वाचक लिहितात, अधिकाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, नोंदणीवाल्यालाच द्या. नोंदणीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, एका पिंपासाठी गाडी येत नाही. आणि तिसऱ्या दिवशी दारात येतो तो बिननोंदणीचा, रोख पैसे घेऊन. नियम पाळू म्हणणाऱ्या माणसाला नियमानं एवढी तरी सोय द्यायला हवी. तालुक्याच्या गावी महिन्यातून एक ठरलेला दिवस, एक ठरलेली जागा, एक टँकर. हुलसूर आता तालुका आहे, इथून सुरुवात करायला कुणाची हरकत आहे?

ती सोय येईपर्यंत थांबू नका. हुलसूर-भालकी-बसवकल्याणच्या मिस्त्रींनी पिंपं एकत्र करा. वीस पिंपं एका जागी उभी राहिली की नोंदणीवाल्याची गाडी येते की नाही ते बघू. पाणी, डिझेल, ब्रेकचं तेल त्यात मिसळू नका, नाहीतर आलेली गाडी परत जाईल. तेलावरच्या कराचं निवेदन आम्ही तयार करत आहोत, त्यावर सह्या पाठवा, गावाचं नाव आणि कामाची वर्षं लिहून.

आणि लेव्हलच्या नळीचं काम या महिन्यातच करा. हरभऱ्याची मळणी यायला अजून अवकाश आहे. जे इंजिन हाती येईल त्याचं मॉडेल, तास, कोणतं तेल आहे, ब्रीदर लावून पाण्यातला फरक किती आणि काढून किती, एवढं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. तासाचा मीटर बंद असेल तर शेतकऱ्याला विचारून हंगाम लिहा. मॉडेलवार तक्ता पुढच्या अंकापासून छापायला घेतो. नळीची फळी भिंतीला टांगलेली ठेवा, गिऱ्हाइकाला दिसेल अशी.