दोघांच्या सहीचे खाते

बँकेतून निवृत्त होऊन मी निमोण्याला राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून दोन जड ट्रंका उतरल्या. गावाला वाटले, साहेबांनी बँकेचे दप्तरच उचलून आणले. निघाल्या त्या कॅसेटी आणि सीड्या : माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन, ‘शक्ती’, त्रिलोक गुर्टू. शिरूर तालुक्यातल्या खेड्यात जॅझ ऐकणारा म्हातारा म्हणजे उसाच्या फडात लावलेले सफरचंदाचे झाड. येणाराजाणारा थांबून बघतो, फळाची आशा मात्र कोणी धरत नाही.

तरी एक श्रोता मिळाला. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. उभा जन्म त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवले. डीजे आला आणि बँड मोडला. क्लॅरोनेटची पेटी माळ्यावर गेली. एका संध्याकाळी मी ‘काइंड ऑफ ब्लू’ लावले होते. तात्या ओसरीच्या पायरीवर बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “साहेब, ही माणसं घाई करीत नाहीत.”

१९५९ साली निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेवर पाश्चात्त्य समीक्षकांनी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली, पण तात्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. त्याआधीच्या जॅझमध्ये स्वरसंगती भराभर बदलत आणि वादक त्यांच्यामागे धावत. माइल्सने थोडी स्वरसप्तके घेतली आणि त्यांतच सावकाश फिरायला मोकळीक दिली. रागाच्या बढतीची सवय असलेल्या आपल्या कानाला हे परके वाटत नाही. म्हणून तो राग होत नाही, हेही खरे.

आता फ्यूजनविषयी. माझे मत कडू आहे. या नावाने निघणाऱ्या पुष्कळशा ध्वनिमुद्रिका म्हणजे निव्वळ भेसळ असते. सिंथेसायझरचा रस्सा आधीच शिजलेला असतो, तबला वरून कोथिंबिरीसारखा भुरभुरतात. बँकेत दोघांच्या सहीचे खाते असते. एकट्याला पैसे काढता येत नाहीत. चांगले फ्यूजन तसे असते. दोघांनी भरणा केलेला हवा आणि दोघांची सही हवी. जिथे एक जण नुसताच काढीत राहतो, ते खाते लवकरच रिकामे होते.

‘शक्ती’चे तसे झाले नाही. जॉन मॅक्लॉफ्लिनने आपल्या गिटारीला खालून तरफेच्या तारा जोडून घेतल्या, हा त्याचा भरणा. समोर झाकीर हुसेनांचा तबला, एल. शंकर यांचे व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम. १९७६ची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका श्रोत्यांसमोरच मुद्रित झाली होती. एकाने टाकलेल्या तुकड्यावर दुसरा चमकतो आणि दुपटीने परत करतो. आमच्या तमाशात ढोलकी आणि घुंगरांचा सवाल-जवाब रंगतो, तेव्हा याहून वेगळे काय घडते?

दुसरी माझी लाडकी म्हणजे त्रिलोक गुर्टूंची १९८८ची ‘उस्फ्रेत’. मुंबईत वाढलेला हा मुलगा ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा. तबला आणि ड्रम शेजारी मांडून तो अर्धवट बसून वाजवतो. बादलीभर पाण्यात झांज बुडवून तिचा सूर वाकवतो. या ध्वनिमुद्रिकेत आईच गायली आहे. बेळगावात जन्मलेल्या या बाईंनी लेकाच्या ड्रमसाठी आपल्या गळ्याची जात बदलली नाही आणि लेकाने आईच्या आदरापायी हात आखडला नाही. घराघरांत दोन पिढ्या एकमेकींशी कसे बोलाव्यात, याचा मला तो वस्तुपाठ वाटतो.

उलट ‘धिस मोमेंट’ या २०२३च्या ‘शक्ती’च्या ध्वनिमुद्रिकेला २०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळाले, तेव्हा मीही पेढे वाटले. शंकर महादेवन गातात गोडच. पण करोनाच्या काळात कलाकारांनी बरेचसे काम आपापल्या जागी बसून केले आणि मग ते जुळवले. माझ्या कानाला ती चमक जरा पुसट वाटते. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्या रात्री मी लावली ती १९७६चीच.

शुद्धतावादी मित्र म्हणतात, या नादाने आपले संगीत बाटले. त्यांना मी पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची आठवण देतो. नगर जिल्ह्यातला हा माणूस सी. रामचंद्र झाला. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्याच्या साथीला होता आणि १९५१च्या ‘अलबेला’ने देश नाचवला. हे तात्यांना सांगितले, तर ते हसत म्हणाले, “ती गाणी तर आम्ही प्रत्येक वरातीत वाजवली की!” म्हणजे निमोण्यात जॅझ माझ्या ट्रंकेतून आलाच नव्हता. तो तात्यांच्या क्लॅरोनेटमधून केव्हाच येऊन गेला होता. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सलाही तो वाढला, तो मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजणाऱ्या अशाच पितळी बँडांच्या संगतीने.

मला खंत आहे ती इथे. भेसळीने संगीत मरत नाही. वाजवणारा माणूस घरी बसला की मरते. डीजेच्या भिंतीपुढे छाती धडधडते, पण तिथे कोणी कोणाचे ऐकत नाही. भिंत सवाल करते, जवाब कोणी द्यायचा?

म्हणून एवढेच मागणे. घरात कार्य निघाले, तर निदान वरातीचा पहिला तास जवळपासच्या बँडला द्या. खर्च डीजेहून फार होणार नाही आणि चार घरांत चूल पेटेल.

परवा तात्यांनी माळ्यावरून पेटी उतरवली. क्लॅरोनेट पुसले, ओठाला लावले. नुसती हवा गेली. रीड वाळून चिरली होती. मी म्हटले, “पुण्याहून नवी आणू.” ते म्हणाले, “आधी सुपारी येऊ द्या, साहेब.”