गोरिलांची खानेसुमारी

माणसे मोजावयाची तर आधी त्यांची घरे मोजावी, या व्यवहारी विचारातून आपल्या जुन्या दप्तरांत खानेसुमारी हा शब्द रूढ झाला. परंतु मध्य आफ्रिकेतील विरुंगा पर्वतांवर पहाडी गोरिलांची जी मोजदाद होते, तिला तो जितका चपखल बसतो, तितका आपल्या जनगणनेलाही आता बसत नाही. गोरिला रोज सायंकाळी फांद्या व पाला मोडून नवे अंथरूण रचतो, त्यावर एक रात्र निजतो आणि सकाळी ते टाकून पुढे जातो. मोजणीदार मंडळी त्या टाकलेल्या अंथरुणांचा माग काढीत, तेथील विष्ठेचे नमुने गोळा करून, कोण कोणता याची प्रयोगशाळेत शहानिशा करतात. १९८१ साली विरुंगात जेमतेम २५४ गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या मोजणीत ते ६०४ भरले, आणि युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात २०१८ साली ४५९ आढळले. सारी पृथ्वी धुंडाळली तरी बेरीज १०६३ ची, आणि प्राणिसंग्रहालयांत यांपैकी एकही नाही. तथापि वाढ ती वाढच, आणि तिचे कौतुकही पुष्कळ झाले. मला प्रश्न पडतो तो एवढाच, की या जमेचा खर्च कोणाच्या नावे पडला.

ज्या जीवासाठी हा सारा खटाटोप, तो मोठा सौम्य आणि संथ आहे. रुवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या हद्दी जेथे मिळतात, तेथील करिसिंबी, मिकेनो, सबिन्यो आदी ज्वालामुखींच्या उतारांवर, धुक्याने सदैव ओलसर असलेल्या रानात, पाठीवरचे केस रुपेरी झालेल्या वडील नराच्या अंमलाखाली दहाबारा जणांचे कुटुंब दिवसभर रानटी सेलरी, काटेरी झुडपे, खाजकुयलीसारखा आग करणारा पाला आणि ऋतूप्रमाणे बांबूचे कोवळे कोंब खात हिंडते, दुपारी पहुडते, आणि पिले त्या प्रचंड नराच्या अंगावर खुशाल लोळतात. मादीला साडेआठ महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर एक पिलू होते व पुढच्यासाठी सुमारे चार वर्षे जावी लागतात; म्हणून एका शिकाऱ्याने एका सकाळी केलेली हानी भरून निघण्यास अर्धी पिढी खर्ची पडते. प्रत्येकाच्या नाकपुड्यांवरील सुरकुत्या निराळ्या असतात आणि अभ्यासक त्यांवरूनच व्यक्ती ओळखतात. याच जीवाला चित्रपटवाल्यांनी राक्षस करून टाकले होते. जॉर्ज शॅलर यांनी १९५९-६० मध्ये या पर्वतांवर राहून तो समज खोडून काढला, आणि मग तेच गृहस्थ आपल्या कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास करावयास आले.

बाहेरच्या जगाशी गोरिलांचा परिचय झाला तो बंदुकीच्या नळीतून. १९०२ साली फॉन बेरिंगे या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने सबिन्योवर दोन गोरिला मारले, आणि शास्त्रज्ञांनी या जातीस मारणाऱ्याचेच नाव बहाल केले. अमेरिकेच्या कार्ल एकली यांनी १९२१ साली संग्रहालयासाठी पाच टिपले, पण पुढे त्यांचे मन पालटले आणि त्यांच्याच आग्रहाने बेल्जियमच्या राजाने १९२५ मध्ये येथे आफ्रिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापिले. गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांचे १९६७ पासूनचे कार्य आणि १९८५ मधील खून यांची कहाणी सर्वश्रुत आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे तो एक कागदी हुकूम: १९६९ च्या सुमारास रुवांडातील उद्यानाची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ दोन पंचमांश, शेवंतीच्या जातीच्या पायरेथ्रम नावाच्या फुलाच्या लागवडीसाठी काढून घेण्यात आली. युरोपीय पैशाच्या पाठबळाने, परदेशी बाजारात खपणाऱ्या कीटकनाशकासाठी, गोरिलांचे रान नाहीसे झाले. एवढा मुलूख कोणत्याही चोरट्या शिकाऱ्याला आयुष्यभरात उजाड करता आला नसता.

आज धोके निराळे आहेत. हरणांसाठी लावलेल्या फासात गोरिलांचे हात अडकतात; कोळशाच्या चोरट्या व्यापारासाठी काँगोतील रान तोडले जाते, आणि सशस्त्र टोळ्यांनी तेथील दोनशेहून अधिक वनरक्षकांचे प्राण घेतले आहेत. मात्र या सर्वांहून मला भय वाटते ते आपल्या पडशाचे. आपले श्वसनविकार गोरिलांना जडतात, आणि त्यांच्या कुटुंबात एकाला झालेला आजार सर्वांत पसरावयास वेळ लागत नाही. म्हणून पाहुण्यांना अंतर राखावे लागते व तोंडाला फडके बांधावे लागते. या पाहुण्यांकडून रुवांडा सरकार एका तासाच्या दर्शनासाठी पंधराशे डॉलर घेते. महागच, पण या महसुलावर रान टिकून आहे. २०२० मध्ये महामारीने पाहुणे थांबले, आणि त्याच वर्षी ब्विंडीतील रफिकी हा प्रसिद्ध नर एका शिकाऱ्याच्या भाल्याला बळी पडला.

आता खर्चाची बाजू. ब्विंडीच्या अरण्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या बट्वा लोकांना १९९१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान होताच बाहेर काढण्यात आले. मध, कंदमुळे, औषधी यांसाठी ज्या रानावर त्यांची वहिवाट होती, तेथे पाय ठेवणे गुन्हा ठरले. शेती त्यांना ठाऊक नव्हती, जमिनीचा पट्टा जवळ नव्हता, म्हणून दुसऱ्यांच्या शेतावर राबणे एवढेच नशिबी आले. तीस वर्षांनी, २०२१ मध्ये, युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांची फिर्याद मान्य करून, योग्य भरपाई न देता त्यांना हुसकावले हे अन्याय्य होते, असे ठरविले.

गोरिला वाचविण्यासाठी रान राखणे आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही; परंतु ते राखण्याचा खर्च दरिद्री माणसावर टाकून यशाचा डंका दूरदेशी वाजविणे, हा हिशेब मला मान्य होत नाही. रुवांडा आपल्या उद्यानांतील पर्यटनाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा उद्यानाकाठच्या लोकांना देतो, तेही थोडेच. अशा हिश्शावर, मग तो कोणत्याही देशातील असो, पहिला हक्क घरादारास मुकलेल्यांचा असला पाहिजे, आणि तो दानाच्या नव्हे, जमिनीच्या स्वरूपात मिळाला पाहिजे. पुढच्या वेळी मोजणीदार अंथरुणे मोजून डोंगर उतरतील, तेव्हा त्यांनी पायथ्याशी असलेल्या बट्वांच्या झोपड्याही मोजाव्यात, आणि त्यांपैकी किती स्वतःच्या जमिनीवर उभ्या आहेत याचा रकाना त्याच अहवालात भरावा.