गाजर गवत काढू, पण जंगलात फवारा नको

पाऊस पडला की मालेगाव-मानोऱ्याकडच्या आपल्या गावांत धुऱ्यावर, गायरानात, जंगलाच्या वाटेवर गाजर गवत माजतं. पान गाजरासारखं, फूल बारीक पांढरं. ढोरं तोंड लावत नाहीत, उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते. हे आपल्या मातीतलं नाही. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेत भरलं. जंगल राखलं आपण, तण आलं बाहेरून, आणि आता इलाज म्हणून तणनाशक पुढे केलं जातं.

सामूहिक वनहक्काच्या जंगलात फवारा काहून नको? ग्लायफोसेट गाजर गवत ओळखत नाही, हिरवं दिसेल ते जाळतं. मग मृगात आपण भाजीला खुडतो तो तरोटा कुठे राहील? आणि तरोटाच तर गाजर गवताला दाबतो! दाट उगवला की ते वर येत नाही. त्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करा, पुढच्या पावसाआधी गवताच्या जागी फेका.

दुसरा गडी मेक्सिकन भुंगा. १९८३ साली तो मेक्सिकोतून बंगलोरला आणला, तपासून १९८४ पासून सोडला. तुरीच्या दाण्याएवढा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. भुंगाही पानं खातो, त्याची अळीही. पावसाळा सरला की मातीत शिरून झोपतो. निंदताना दिसला तर किडा म्हणून चिरडू नका. जास्त असतील तिथून पाल्यासकट डब्यात भरा, झाकणाला भोकं पाडा, नव्या जागी सोडा. हेक्टरी ५०० ते १००० लागतात. पिकावर येईल ही भीती जुनी आहे. सूर्यफुलावर दिसला तेव्हा सरकारने समिती नेमली होती. सूर्यफुलाच्या पानावर गाजर गवताचे पराग पडले असले तरच तो कुरतडतो, असं तपासात निघालं.

भुंगा एकटा पुरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पाऊस लांबला तर तो उशिरा येतो, तोवर गवत फुलतं. म्हणून फुलाआधी हाताला पिशवी बांधून उपटणं काही सुटत नाही. घाणेरीला तर तो शिवतही नाही, ती खणूनच काढावी लागते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक जंगल राखायचा आणि सांभाळायचा हक्क ग्रामसभेला दिला. २०१२ च्या नियमांप्रमाणे आराखडाही आपल्याच समितीने करायचा आहे. त्यात फवारा बंद असं स्पष्ट लिहा, उपटणीची मजुरी रोजगार हमीतून मागा. तरोट्याच्या शेंगा दिवाळीच्या आसपास वाळतात, त्याआधी ग्रामसभा बोलवा.