सकाळी शेळ्या, संध्याकाळी पंतप्रधानपद!

वीस शेळ्या राखणारी बारा वर्षांची मुलगी पंतप्रधान होऊ शकते? राजस्थानात झाली! देशाची नव्हे, मुलांच्या संसदेची.

अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया गावी बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये एक संस्था काढली. पुढे ती ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून जगभर गाजली. त्या भागातली कितीतरी मुलं शाळेचं तोंड पाहत नव्हती. पाहणार कशी? दिवस उजाडला की शेरडं-मेंढरं घेऊन रानात जायचं. तेव्हा संस्थेनं शाळेचीच वेळ बदलली. १९७५ पासून रात्रशाळा भरू लागल्या. मुलं दिवसभराची कामं उरकून यायची आणि पुढे सौरदिव्यांच्या उजेडात शिकायची. अक्षरं, आकडे होतेच; पण जमीन कशी मोजावी, जनावर आजारी पडलं तर काय करावं, पोलिसांनी पकडलं तर काय करावं, हेही धडे होते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शहरातल्या पदवीधरांनाही धड येत नाही, हा भाग वेगळा.

याच शाळांतून बालसंसद उभी राहिली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांनी मतदान करायचं, पंतप्रधान निवडायचा, शिक्षणमंत्री, ऊर्जामंत्री, आरोग्यमंत्री नेमायचे. काम? शाळांवर देखरेख. मास्तर वेळेवर येतात का, दिवे पेटतात का, प्यायला पाणी आहे का, हे पाहायचं आणि तक्रार असेल तर संस्थेपुढे ठेवायची. खरी मेख इथंच आहे. तक्रार ऐकून मोठ्यांनी नुसती मान डोलवायची नाही, तर कामाला लागायचं!

बंकर रॉय एक किस्सा सांगतात. बालसंसदेची पंतप्रधान पुरस्कार घ्यायला स्वीडनला गेली. त्याआधी तिनं कधी गावची वेस ओलांडली नव्हती. तरी तिथला थाटमाट पाहून ती जराही दिपली नाही. एवढा आत्मविश्वास या पोरीत आला कुठून, असं राणीसाहेबांनी विचारलं. मुलीनं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून निरोप दिला : ‘त्यांना सांगा, मी पंतप्रधान आहे.’

मंत्रिमंडळं महाराष्ट्रातल्या शाळांतही असतात. पण आरोग्यमंत्र्यानं प्रार्थनेच्या वेळी नखं तपासावीत आणि स्वच्छतागृहाला पाणी का नाही, हे मात्र कुणाला विचारू नये, असाच बऱ्याच ठिकाणचा रिवाज. मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकलं जावं, असं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार सांगतो. भारतानं तो १९९२ मध्ये मान्यही केला आहे. घरोघरी मात्र ‘पोरांना कशाला नसत्या भानगडी, अभ्यास बुडेल’ हेच पालुपद.

आता शाळा सुटल्यावरचे दोन तास घ्या. शिकवणीला जाणाऱ्यांचे भरलेले असतात, न जाणाऱ्यांचे रिकामे. त्यातला आठवड्याचा एक तास मागायला काय हरकत आहे? गावात वा वस्तीत काम करणारी एखादी संस्था मुख्याध्यापकांशी बोलून हे जमवू शकते. पाण्याचा नळ, शाळेपुढचा रस्ता, बंद पडलेला दिवा... विषय मुलांनीच निवडावा. अर्जही त्यांनीच लिहावा. संस्थेच्या कार्यकर्त्यानं नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत सोबत जावं, पण आत बोलायचं मुलांनी. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवावं.