फुलझाडं लावायला डिग्री कशाला?

मंदी आली की बिल्डर आधी काय कापतो? सिमेंट नाही, लोखंड नाही, लिफ्ट तर नाहीच नाही. तो म्हणतो, "लॅंडस्केपचं नंतर बघू." एवढं एक वाक्य, आणि एका अख्ख्या व्यवसायाच्या पोटावर पाय येतो.

माझ्या भाचीच्या बाबतीत हे दोनदा झालं. नाशिकला आर्किटेक्चर, मग पुण्यात लॅंडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण, आणि एका ऑफिसात नोकरी. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, पुढच्या वर्षी दुबईची कामं थंडावली आणि पुण्यातल्या त्या ऑफिसातून आधी कमी झाली ती हिच्यासारखी माणसं. दुसऱ्यांदा २०२० ला, तेव्हा तर सगळ्यांचंच बंद झालं होतं. दोन्ही वेळा आमच्या नातेवाइकांची प्रतिक्रिया एकच होती. "आम्ही तरी सांगत होतो, बी.एड. कर. फुलझाडं लावायला डिग्री कशाला लागते? माळी असतो की!" (नावं घेत नाही. ही मंडळी इथे वाचतात. ज्यांना कळायचं त्यांना कळेल!)

तर मंडळी, तुमच्याशीच भांडायला बसले आहे.

माळ्याबद्दल मला आदरच आहे. पण लॅंडस्केप आर्किटेक्टचं काम फुलझाडं लावणं हे नाही. मराठीत काही लोक 'भूदृश्यरचनाकार' म्हणतात. शब्द एवढा जड आहे की उच्चारेपर्यंत पाऊस निघून जाईल. मी आपली सोपं करून सांगते: जमिनीची आखणी करणारा माणूस. पाणी कुठून येणार, कुठे थांबणार, जास्तीचं कुठून निघणार, माती कुठे धरून ठेवायची, कुठलं झाड कुठल्या मातीत जगेल, माणसं-गुरं कुठून चालणार, हे सगळं आधी कागदावर बसवणारा. फुलं सगळ्यात शेवटी येतात, पैसे उरले तर.

आणि मंदीत याची गरज नसते म्हणता? अहो, या व्यवसायाचा पाळणाच मंदीत हलला!

१८५७ साल म्हटलं की आपल्याला आपला उठाव आठवतो. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाच्या गृहस्थाची प्रकाशनसंस्था बुडाली. शेती करून झालेली, वर्तमानपत्रांत लिहून झालेलं, आणि आता हातात काम नाही. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कचं काम निघत होतं, तिथे मजुरांवर देखरेख करायची नोकरी त्याने धरली. शहरात बेकारांचे जथे काम मागत फिरत होते, त्यातल्या हजारोंना त्या कामावर रोजी मिळाली. दलदल उपसली, खडक फोडले, तळी खोदली, माती भरली. पुढच्या वर्षी त्याने आणि कॅल्व्हर्ट व्हॉ याने मिळून केलेला आराखडा स्पर्धेत निवडला गेला. पुढे हेच दोघे स्वतःला लॅंडस्केप आर्किटेक्ट म्हणवू लागले. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर ही अमेरिकेतली रोजगार हमीच होती, आणि तिच्यावर एक आखणारा माणूस होता म्हणून आज दीडशेहून जास्त वर्षांनंतरही ते काम उभं आहे.

त्या बागेसाठी सेनेका व्हिलेज ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली, हेही सांगायला हवं. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आलेली पाहिलेल्या जिल्ह्यात बसून ते विसरून कसं चालेल? जमीन आखणाऱ्याने तिथे कोण राहतं हे आधी विचारलं पाहिजे. असो.

दुसरा दाखला १९३३ चा. महामंदीत रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची एक फौज उभारली, 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर'. १९४२ पर्यंत चाललेल्या या योजनेत जवळपास ३० लाख तरुण कामाला लागले आणि त्यांनी ३०० कोटींच्या आसपास झाडं लावली असं सांगतात. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मंदीमुळे घरी बसलेल्या लॅंडस्केप आर्किटेक्टना तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने बोलावून घेतलं आणि या तरुणांच्या कामाची आखणी त्यांच्याकडे दिली. दोन्ही बेकार. एकाच्या हातात फावडं, दुसऱ्याच्या हातात नकाशा. मला यात न समजण्यासारखं काहीच दिसत नाही.

आता आपल्याकडे या. १९७२ चा दुष्काळ मी विशीत पाहिला आहे. खडी फोडणारे हात आणि सुकडीची रांग ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये देशाने त्याचा कित्ता गिरवला. या योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला आणि आम्हा मास्तर-बाईंच्या पगारातून तो दरमहा कापला जाई. स्टाफरूममध्ये कुरकूर व्हायची. मी कधी केली नाही. पण एवढी वर्षं पैसे भरल्यावर, त्या पैशांतून जमिनीवर काय उभं राहिलं हे विचारायचा हक्क मला आहे की नाही?

काही ठिकाणी उभं राहिलं. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंके यांनी त्याच दुष्काळानंतर नायगावला टेकडीच्या उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, आणि मग पाण्याचं वाटप माणशी ठरवलं. ते इंजिनीअर होते, कारखानदार होते. दुष्काळी कामं पाहायला गेले आणि त्यांना दिसलं की माणसं राबताहेत पण गावाची जमीन जिथल्या तिथे आहे. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी नव्वदच्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदून गाव फिरवलं. आपल्या शेजारी साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उघडं झालेलं जंगल परत आणलं, २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. या तिन्ही ठिकाणी डोंगराकडे एकसंध पाहणारा कुणीतरी होता. डिग्री होती-नव्हती, नजर होती.

आता तुम्ही मला पकडणार. "बघा, डिग्रीशिवायच झालं की!" झालं, पण तीन गावांत झालं. अशी माणसं गावोगाव जन्माला येत नाहीत. ज्या गावात चैत्राम पवार नाहीत तिथे काय करायचं? तिथेच शिकलेला माणूस लागतो. गावात उपजत शहाणा वैदू नसला तरी सरकारने दवाखाना काढायचाच असतो ना?

कुणी नसलं की काय होतं ते सांगते. २०२० च्या टाळेबंदीत सुरतेहून पायी निघालेली माणसं नवापूरच्या रस्त्याने येत होती. त्याच काळात भाची काम सुटल्यामुळे माझ्याकडे शहाद्याला येऊन राहिली. पुढे थोडी मोकळीक मिळाल्यावर आम्ही तळोद्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर गेलो, माझा एक जुना विद्यार्थी तिथे राहतो. डोंगरउतारावर रोजगार हमीतून समतल चर खोदले होते. लांबून पाहिलं तर वहीवर रेघा मारल्यासारखे सुरेख. भाचीने गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी मागवली आणि एका चराची दोन टोकं मोजली. दुसरं टोक हातभर खाली! म्हणजे नाव समतल आणि चर उताराचा. त्यात पाणी थांबणार कसं? ते एका टोकाला गोळा होऊन तिथून फुटलं होतं, आणि खाली एक नवी घळ पडली होती. माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, पहिल्या पावसातच माती खाली गेली." भाची म्हणाली, "आत्या, हे खोदलंच नसतं तर बरं झालं असतं गं."

त्या चरांवर राबलेल्या बायांनी कष्टात काही कसूर केली होती का? मुळीच नाही. त्यांनी सांगितलं तसं आणि सांगितलं तेवढं खोदलं. त्यांना मजुरी मिळाली ती खोदलेल्या घनमीटरवर. मस्टरवर घनमीटर भरला की काम पूर्ण. पाणी मुरलं का, हा रकाना त्या कागदात कुठे आहे?

हीच गोष्ट मोठ्या आकड्यांतही दिसते. जलयुक्त शिवार योजनेवर ९ हजार ६०० कोटींहून जास्त खर्च झाला आणि २०२० च्या 'कॅग'च्या अहवालाने सांगितलं की भूजलाची पातळी वाढवण्यात फारसा उपयोग झाला नाही. जेसीबी लावून नाले खोल करायचे आणि वरचा डोंगर उघडाच ठेवायचा, मग दुसरं काय होणार! वरून आलेल्या मातीने नाला परत भरतो. हे सातवीच्या भूगोलात आहे, मी शिकवलं आहे.

आणि झाडांचं तर विचारूच नका. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी असे वृक्षलागवडीचे संकल्प राज्याने सोडले. आकडा आधी ठरला, जागा नंतर शोधली. ज्या सातपुड्यात मोह, अंजन, खैर, टेंभुर्णी आपणहून उगवतात तिथे गिरिपुष्पाच्या फांद्या रोवून मोकळे! धडगावचं आमचूर लांबवर जातं, ते गावठी आंब्यांचं. बांधावर, घराशेजारी कुठला आंबा लावला तर दहा वर्षांनी त्या घराचं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणं थांबेल, हा विचार करून लावलेलं झाड आणि फोटोसाठी लावलेलं झाड यात फरक आहे. आखणी म्हणजे आणखी काय असतं?

आता थोडं भाचीच्या बिरादरीलाही ऐकवते, नाहीतर म्हणाल आत्या घरच्यांचीच बाजू घेते. बाबांनो, तुमची ही अवस्था काही अंशी तुम्हीच ओढवून घेतली आहे. तेजीच्या काळात तुम्ही कुणासाठी राबलात? टेकडी कापून बांधलेल्या सोसायट्यांसाठी. तिथे हिरवळीची चादर अंथरलीत, राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने ताडाची झाडं आणून उभी केलीत, आणि ब्रोशरात 'निसर्गाच्या कुशीत' छापू दिलंत. बिल्डरने तुम्हाला सजावट समजावं अशीच कामं केल्यावर मंदीत त्याने सजावट काढून टाकली, तर त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा? २००३ पासून तुमची 'इसोला' ही देशपातळीवरची संस्था आहे. पण आर्किटेक्टना १९७२ च्या कायद्याने वेगळी परिषद आहे, तशी तुम्हाला नाही. त्यासाठी जेवढं भांडता त्याच्या निम्मं तरी मंत्रालयात रोजगार हमी विभागाच्या दारात भांडलात का? अहमदाबादेत काम केलेले प्रभाकर भागवत हे या व्यवसायातलं आपल्याकडचं आद्य नाव. अशा माणसाचं नाव आमच्या जिल्ह्यात एकाला माहीत नाही. कसं असेल? तुमच्यापैकी कुणी धडगावचा घाट चढून आलंच नाही!

माझं मागणं फार मोठं नाही. नंदुरबार जिल्ह्यात तालुके सहा. प्रत्येक पंचायत समितीत एक लॅंडस्केप आर्किटेक्ट नेमा. रोजगार हमीचं, वनविभागाचं, जलसंधारणाचं, ज्या कामात माती हलणार आहे ते कुठलंही काम त्याच्या आराखड्याशिवाय सुरू करायचं नाही. ग्रामसभेत त्याने नकाशा जमिनीवर काढून दाखवायचा, भिलीत-पावरीत समजावून सांगणारं माणूस बरोबर घ्यायचं, आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं की पाणी पूर्वी कुठून वाहायचं. दोन पावसाळ्यांनी परत येऊन मोजायचं. रोजगार हमीत ६० टक्के खर्च मजुरीवर आणि साहित्यावर ४० टक्क्यांच्या आत, असा दंडक राहिला आहे. मातीकामाइतकं त्यात चपखल बसणारं दुसरं काम नाही.

"एवढा पगार परवडेल का?" असं आमच्या एका भावजींनी आधीच विचारून ठेवलं आहे. भावजी, सहा माणसांचा पगार आणि एका फुटलेल्या पाझर तलावाची दुरुस्ती, दोन्ही आकडे समोरासमोर मांडा आणि मग माझ्याशी बोला. शिवाय मंदीत ही मुलं घरीच असतात, तेजीत मागितलं असतं त्यापेक्षा कमी मागतील.

पण म्हणून त्यांचं मानधन ठरवताना शिक्षणसेवकाची फाइल कृपा करून पुढे ओढू नका. २००० साली डी.एड. झालेल्या मुलामुलींना ३ हजार रुपयांवर शाळेत उभं केलं होतं. आमच्या शाळेत आलेला एक जण संध्याकाळी बसस्टँडवरच्या रसवंतीत गल्ल्यावर बसायचा आणि वर्गातली पोरं त्याच्याचकडून रस घ्यायची.